दोन आसनांचा हिशेब

इसवी सन १९९९ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत होंडा कंपनीने ‘इन्साइट’ नावाची जी दोन आसनांची मोटार विक्रीस काढली, तिला अमेरिकेच्या बाजारात उतरलेली पहिली संकरित मोटार, म्हणजे आजच्या बोलीतली हायब्रिड, हा मान मिळाला. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन बळे एकाच आसाला जुंपून या वाहनाने जपानच्या सरकारी चाचणीत लिटरमागे ३५ किलोमीटरांचा दाखला मिळविला. त्या काळी आपल्याकडे नव्या मारुतीने लिटरला सोळा-सतरा किलोमीटर दिले तरी मालकाची छाती फुगत असे, हे ध्यानात घेतले तर त्या आकड्याचा दरारा किती असेल हे सांगावयास नको. ही मोटार हिंदुस्थानात कधी विक्रीस आली नाही आणि मालाडच्या रस्त्यांना तिची ओळखही झाली नाही. तरीसुद्धा तिची पारख मालाडच्या रस्त्यावर, निदान विचाराने, करून पाहण्याजोगी आहे. कारण थोडके इंधन, थोडका धूर आणि दोघांपुरती जागा या ज्या तीन कलमांवर तिची कीर्ती उभी राहिली, त्या तिन्ही कलमांचा जमाखर्च मुंबईची उपनगरे कित्येक वर्षे आपापल्या परीने मांडीत आली आहेत, आणि त्यांचा निकाल कारखानदारांच्या निकालाशी नेहमी जुळलेला नाही.

मालाडची घडण आगगाडीने केली, मोटारीने नव्हे, ही गोष्ट या विचाराच्या मुळाशी आहे. साष्टीच्या बेटावरील हा मुलूख दीर्घकाळ ठाणे जिल्ह्याच्या महसुली अंमलात होता. मालवणी, मढ, एरंगळ, मार्वे, खारोडी, कुरार, दिंडोशी ही गावे शेती, मासेमारी, मिठागरे आणि ताडामाडांवर जगत होती, आणि मालाडच्या खाणींतील पिवळसर दगड कोटातील व्हिक्टोरियाकालीन इमारतींना शोभा आणीत होता. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा लोहमार्ग या गावांच्या मधून गेला, १९२८ च्या आरंभी बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या, आणि त्या दिवसापासून कोटातल्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाला मालाडला बिऱ्हाड करणे शक्य झाले. १९३४ साली बॉम्बे टॉकीजने आपला स्टुडिओ, म्हणजे चित्रपट निर्माण करण्याचा कारखाना, येथे थाटला तेव्हाही गाव गावच होते. १९५७ साली बृहन्मुंबईच्या हद्दीत त्याचा समावेश झाला आणि मग घोडबंदर रोडचा स्वामी विवेकानंद मार्ग, वाड्यांच्या चाळी आणि चाळींच्या इमारती होण्यास वेळ लागला नाही.

या इतिहासातून वाहनाविषयीची जी रीत निपजली ती अशी, की मालाडच्या गृहस्थाला कचेरीस जाण्यासाठी मोटारीची गरज कधी भासली नाही. लांबचा पल्ला लोकलने तोडावयाचा, आणि स्टेशन ते घर हे उरलेले मैल-दीड मैलाचे अंतर पायी, टांग्याने, पुढे बेस्टच्या बसने आणि त्याच्याही पुढे शेअर रिक्षाने काटावयाचे, असा हा सरळ बंदोबस्त होता. म्हणून ज्या थोड्या घरांत मोटार आली, त्या घरांत ती कमावत्या पुरुषाचे वाहन म्हणून आली नाही, तर कुटुंबाचे वाहन म्हणून आली. आजीला डॉक्टरकडे न्यावयाचे, लग्नाला सहकुटुंब जावयाचे, गणपती घरी आणावयाचा, रविवारी मुलांना मार्व्याच्या किनाऱ्यावर फिरवावयाचे, मे महिन्यात गावी जावयाचे, अशा कामांना ती जुंपली गेली. तिची दैनंदिन गरज कमी आणि नैमित्तिक गरज मोठी होती. आणि नैमित्तिक गरजेच्या वेळी दोन आसनांनी भागत नाही.

दोन आसनांची मोटार ही कल्पना मात्र आपल्याकडे परकी नव्हती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नाशीच्या दशकाच्या प्रारंभी फियाटशी करार करून प्रथम जी गाडी जुळविली ती ‘फियाट ५००’, मुळात दोघांसाठी आखलेली इवलीशी मोटार होती. पण तिचा संसार फार काळ टिकला नाही, आणि त्याच कारखान्यातील चार दारांच्या ‘अकराशे’ने, जिचे नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झाले, घरांत आणि टॅक्सी-स्टँडवर अशी बैठक मारली की चार दशके तिला कोणी उठविले नाही. याहून अधिक मनोवेधक उदाहरण इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांचे आहे. कोणा परदेशी कंपनीचा आधार नसताना, विद्यापीठाची पदवी पाठीशी नसताना, या गृहस्थांनी १९४९ च्या सुमारास दोन आसनांची एक छोटी मोटार स्वतःच्या कल्पनेने सिद्ध केली आणि पुढची सुमारे पंचवीस वर्षे ‘मीरा’ या नावाने नमुन्यामागून नमुने घडविले. लिटरला वीस किलोमीटरांच्या आसपास चाल आणि बारा हजारांच्या आसपास किंमत हे त्यांचे उद्दिष्ट होते. परंतु परवाना-राज्याच्या त्या काळात दिल्लीच्या दफ्तरातून उत्पादनाची सनद मिळविणे हे मोटार घडविण्याहून अवघड काम ठरले आणि ‘मीरा’ बाजारात आली नाही. लक्षात घेण्याजोगी बाब ही, की ज्या माणसाने दोन आसनांपासून आरंभ केला त्यानेच आपले नंतरचे नमुने कुटुंबाला बसता येईल अशा बेताने वाढविले. त्याच्यावर कोणत्याही समितीचे दडपण नव्हते. त्याने आपल्या भोवतालची माणसे पाहिली होती.

दोन आसनांचे खरे वाहन आपल्या मध्यमवर्गाने निवडले ते स्कूटर. उपनगराच्याच पूर्वेकडील भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाच्या कारखान्यातून निघणारी लॅम्ब्रेटा आणि आकुर्डीहून येणारी बजाजची गाडी यांच्यासाठी लोकांनी नाव नोंदवून वर्षानुवर्षे मुदत मोजली. कायद्याने दोघांची, व्यवहारात चौघांची अशी ही सवारी होती: पुढे फूटबोर्डवर उभे असलेले थोरले अपत्य, मागे पत्नी आणि तिच्या मांडीवर धाकटे. कायद्याचा हा भंग समर्थनीय नाही, आणि अपघातांत त्याची किंमत अनेक घरांनी मोजली आहे. पण आसनांची संख्या कारखान्यात ठरत असली तरी ती घरात मोडते, हे या स्कूटरने इतके स्पष्ट केले की १९६० च्या झा समितीपासून १९८३ च्या मारुतीपर्यंत आणि तेथून २००९ च्या टाटा नॅनोपर्यंत स्वस्त मोटारीची प्रत्येक तजवीज ‘चार माणसे’ या कलमापासून सुरू झाली.

आता त्या संकरित मोटारीकडे वळू. दोन बळे एकत्र आणण्याची कल्पना तशी जुनी आहे. फर्डिनांड पोर्श या तरुण अभियंत्याने १९०० च्या सुमारास व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यात पेट्रोल इंजिनाने वीज उत्पन्न करून चाकांतील मोटरी फिरविणारी गाडी बनविली होती. परंतु पेट्रोल स्वस्त झाले, १९१२ नंतर विजेच्या स्टार्टरने हँडल मारण्याचा त्रास संपविला, आणि गंमत अशी की विजेच्याच त्या साहाय्याने पेट्रोलच्या मोटारीने विजेच्या मोटारीला रस्त्यावरून हुसकावले. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी धुराच्या आणि तेलाच्या चिंतेने ती कल्पना पुन्हा वर काढली. १९९७ च्या अखेरीस टोयोटाने ‘प्रियस’ जपानात आणली आणि दोन वर्षांनी होंडाची इन्साइट आली.

दोघींचा मार्ग एक नव्हता. प्रियसमध्ये वीज ही भागीदार होती, संथ चालीत ती एकटीने गाडी ओढू शके. इन्साइटमध्ये वीज ही मदतनीस होती. तीन सिलिंडरांचे ९९५ घनसेंटिमीटरांचे छोटे इंजिन हे तिचे मुख्य बळ, आणि त्याला लागून बसविलेली दहा किलोवॅटची चपटी मोटर ही चढावर व वेग घेताना त्याला हात देई. ब्रेक लावताना जी गती एरवी उष्णता होऊन वाया जाते तिचा काही अंश हीच मोटर वीज म्हणून परत घेई आणि आसनांच्या मागे ठेवलेल्या १४४ व्होल्टच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत जमा करी. विजेवर एकटी अशी ती कधी चालत नसे. तिच्या काटकसरीचे श्रेय खरे पाहता विजेपेक्षा अंगकाठीला अधिक होते: सांगाडा ॲल्युमिनियमचा, वजन साडेआठशे किलोंच्या आत, मागची चाके झाकलेली, आणि शरीर पाण्याच्या थेंबासारखे निमुळते, इतके की वायुरोधाचा तिचा गुणांक ०.२५ इतका कमी भरला. मागच्या आसनांचा त्याग याच हिशेबातून आला. आसने ठेवली असती तर छप्पर मागे इतके उतरविता आले नसते, वजन वाढले असते आणि बॅटरीला जागा उरली नसती.

ही रचना कोणत्या रस्त्यासाठी केली हे तिचे आकडेच सांगतात. अमेरिकेच्या सरकारी चाचणीत हातगिअरच्या इन्साइटने शहरात लिटरला सुमारे २६ आणि महामार्गावर सुमारे ३० किलोमीटर दिले. प्रियसने याच्या उलट शहरात सुमारे २२ आणि महामार्गावर सुमारे १९. शहरात अधिक काटकसर करणारी ती खरी संकरित चाल, कारण थांबणे आणि ब्रेक लावणे शहरात अधिक. इन्साइटचे बळ मोकळ्या रस्त्यावर वारा कापण्यात होते. पुढे २००८ साली त्या सरकारने आपली चाचणीची पद्धत रोजच्या वापराला जवळची केली, वातानुकूल यंत्र, जोराचा वेग, थंडी यांचा तीत समावेश केला, तेव्हा तिचे आकडे शहरात सुमारे २१ आणि महामार्गावर सुमारे २६ वर उतरले. ही काही मोटारीची लबाडी नव्हे. कागदावरील ॲव्हरेज आणि पंपावरील ॲव्हरेज यांत जी तफावत प्रत्येक वाहनमालक जाणतो तिचीच ती सरकारी कबुली होती.

आता हे वाहन सायंकाळी सात वाजता स्वामी विवेकानंद मार्गावर आणून उभे करावे. पुढे बस, बाजूला रिक्षा, मधून हातगाडी, आणि वेग माणसाच्या चालीहून फारसा अधिक नाही. या वेगाला वारा विरोधच करीत नाही, म्हणून तिचा निमुळता देह येथे निरुपयोगी. झाकलेली चाके येथे केवळ पंक्चर काढणाऱ्याची गैरसोय. सिग्नलला गाडी न्यूट्रलवर आली की इंजिन आपोआप बंद पडण्याची तिची सोय मालाडला फार उपयोगी पडावी, परंतु ती सोय घेताना ए.सी.चा कंप्रेसरही थांबे, कारण तो इंजिनाच्या पट्ट्यावर चाले. आणि गारवा अखंड हवा असेल तर इंजिन चालू ठेवावे लागे. ऑक्टोबराच्या उकाड्यात मीठ चौकीच्या नाक्यावर अडकलेला मनुष्य या दोहोंपैकी काय निवडील याविषयी शंका नको. शिवाय चार फूट सरकावयाचे, थांबावयाचे, पुन्हा चार फूट सरकावयाचे, या येथल्या चालीत प्रियस विजेवर सरकली असती. इन्साइटला प्रत्येक सरकण्यासाठी इंजिन जागे करावे लागले असते.

जागेचा हिशेब याहून बोलका आहे. इन्साइटची लांबी ३,९४५ मिलिमीटर आणि आसने दोन. मारुती ८०० ची लांबी ३,३३५ मिलिमीटर आणि आसने चार. म्हणजे निम्म्या माणसांसाठी दोन फूट रस्ता जास्त. ज्या उपनगरात इमारतीच्या आवारातील एकेका पार्किंगवरून सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत शेजाऱ्यांचे संबंध बिघडतात, तेथे इंधनाची बचत करून जमिनीची उधळण करणाऱ्या वाहनाला काटकसरी कसे म्हणावे? बंगळूरची ‘रेवा’ २००१ साली बाजारात आली तेव्हा तिच्या मर्यादा अनेक होत्या, पण २,६३८ मिलिमीटरांत दोन मोठी आणि दोन लहान माणसे बसविण्याचा तिचा प्रयत्न आपल्या रस्त्यांना अधिक ओळखणारा होता. आणि पावसाळा? मालाडच्या सबवेत दर साल पाणी भरते. २०१९ च्या जुलैच्या आरंभीच्या अतिवृष्टीत तेथे एका मोठ्या मोटारीत अडकून दोन तरुणांचा मृत्यू झाला. जमिनीसरसी बसणारी, अवघी साडेचार फूट उंचीची मोटार अशा रस्त्यावर जून ते सप्टेंबर कितीदा बाहेर काढता आली असती, हा प्रश्न विचारताच उत्तर मिळते.

तथापि या मोटारीवर एकतर्फी निकाल देणे अन्यायाचे होईल. इंधनाची बचत जागेचे मोल घेतल्यावाचून राहत नाही, हा तिच्यापासून घ्यावयाचा धडा मालाडने आपल्या मार्गाने याच काळात शिकून घेतला. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे नव्वदीच्या अखेरीपासून जुन्या टॅक्सींना सी.एन.जी.कडे वळणे भाग पडले. १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅसच्या पंपांवर टॅक्सींच्या आणि मागाहून रिक्षांच्या रांगा लागू लागल्या. डिकीत सिलिंडर बसला आणि प्रवाशाची बॅग छपरावरच्या कॅरिअरवर गेली. पेट्रोल आणि गॅस अशी दोन इंधने बाळगणारी ही गाडी शास्त्राच्या परिभाषेत संकरित नव्हे. पण खर्च वाचविण्यासाठी सामानाची जागा सोडावी लागते हा सौदा तिने लाखो लोकांच्या गळी उतरविला. तो स्वीकारला गेला, कारण सामानाची जागा गेली तरी माणसांची आसने शाबूत राहिली होती. होंडाने आसने मागितली, सी.एन.जी.ने डिकी मागितली. उपनगराने कोणता सौदा पत्करला हे आज कोणत्याही रिक्षा-स्टँडवर आणि सोसायटीच्या आवारात दिसते.

होंडालाही हा भेद समजण्यास फार काळ लागला नाही. इन्साइटची विक्री २००६ पर्यंत साऱ्या जगात सुमारे सतरा हजारांवर थांबली. त्याच कंपनीने तीच मदतनीस विजेची रचना चार दारांच्या सिव्हिकमध्ये घातली आणि २००८ साली ती सिव्हिक हायब्रिड भारतात आली. साडेएकवीस लाख रुपये हे तिचे मूल्य. परदेशातून तयार आणलेल्या मोटारीवरील जकातीचा भार असा, की त्याच वर्षी कंपनीला किंमत तब्बल आठ लाखांनी उतरवावी लागली. २०१० साली प्रियस आली, तीही श्रीमंतांपुरती. २०१७ च्या वस्तू व सेवा कराने मोठ्या हायब्रिडवर अधिभारासह ४३ टक्के आकारले, तर विजेच्या मोटारीवर १२ आणि पुढे ५ टक्के. म्हणजे दोन बळांचे वाहन सरकारी दफ्तरात पेट्रोलच्या पंगतीला बसविले गेले. या संकराचा मुंबईकर जनतेशी पहिला मोठा संबंध आला तो खासगी मोटारीत नव्हे, तर २०१८ साली एम.एम.आर.डी.ए.ने घेतलेल्या आणि बेस्टने वांद्रे-कुर्ला संकुलासाठी चालविलेल्या २५ हायब्रिड बसगाड्यांत. थांबत-थांबत जाणाऱ्या बसला ब्रेकमधून वीज परत मिळविण्याची संधी सर्वांत जास्त, आणि आसनांचा तुटवडा नाही. विचार म्हणून ही योजना दोन आसनांच्या मोटारीहून कितीतरी अधिक सयुक्तिक होती. घरगुती मोटारीत हायब्रिडचा खराखुरा शिरकाव २०२२ साली झाला. होंडा सिटी, मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर या साऱ्या पाच आसनांच्या, आणि संथ चालीत केवळ विजेवर सरकणाऱ्या.

मालाडही दरम्यान पालटले आहे हे नमूद केले पाहिजे. लिंक रोडच्या बाजूला माइंडस्पेससारखी कार्यालयांची नगरे उभी राहिली, कचेरी कोटातून उपनगरात आली, आणि एकट्या माणसाने एकट्यासाठी मोटार चालवीत कामाला जाण्याची अमेरिकन रीत येथेही रुजली. सकाळी लिंक रोडवर पाहावे तर पाच आसनांच्या मोटारींत चार आसने रिकामी असतात. या दृश्यापुढे दोन आसनांचा विचार एकाएकी शहाणपणाचा वाटू लागतो, आणि इन्साइट काळाच्या पुढे होती असे कोणी म्हटले तर ते अगदीच निराधार नाही. परंतु त्या एकट्या माणसासाठी मालाडमध्ये दोन आसनांचे वाहन पूर्वीच आहे, ते स्कूटर. आणि त्याहून स्वस्त सोय २०२३ च्या जानेवारीपासून डोक्यावरून धावते आहे, ती मेट्रोची २अ मार्गिका. तिच्या डब्यात माणसामागे जी जागा लागते तिची बरोबरी कोणत्याही ॲल्युमिनियमच्या मोटारीला करता यावयाची नाही.

तेव्हा या जुन्या मोटारीचा निकाल असा द्यावा लागतो: यंत्र म्हणून ती उत्तम, प्रयोग म्हणून ती आवश्यक, आणि मोकळ्या लांब रस्त्यावर एकट्या-दुकट्याने रोज शंभर किलोमीटर कापणाऱ्याला ती आजही मानाची सोबतीण, परंतु मालाडसारख्या उपनगरात घरातील एकुलती एक मोटार म्हणून ती नापास. जो वाचक आज हायब्रिड घेण्याच्या विचारात असेल, त्याने विक्रेत्याला लिटरमागे किलोमीटर किती हे अवश्य विचारावे. पण त्याआधी ती शहराच्या कोंडीत विजेवर सरकते काय, ए.सी. चालू असता इंजिन थांबते काय, बॅटरीने कोणाची जागा घेतली आहे, आणि आपल्या इमारतीच्या आवारात ती मावते काय, हे चार प्रश्न विचारावेत, आणि त्यांची उत्तरे मिळाल्यावाचून पैसे मोजू नयेत.